पीस एकच, ड्रॉइंग नऊ: डॉक्टर स्ट्रेंजचा दुसरा भाग आणि आमच्यातली भांडणं

8 मे 2022, रविवार. दुपारचा शो सुटला आणि आम्ही नऊ जण बेळगावातल्या एका मल्टिप्लेक्सच्या पार्किंगमध्ये गाड्या काढायच्या सोडून नुसते उभे होतो, कारण कोणाचं कोणाशी पटत नव्हतं. मावसबहीण रडकुंडीला आलेली, म्हणजे पिक्चर बघून नव्हे, पिक्चरवर चिडून. दादा एवढा खूष की हेल्मेट हातात घेऊनच गाडी चालू केली, मग वहिनींची आठवण झाली आणि घातलं. वडगावचा मित्र म्हणाला, "डॉक्टरचा पिक्चर म्हणून आलो गा, यात डॉक्टर कुठं हाय?" ऑफिसातला कलीग बैलहोंगलचा, कन्नड घरचा, तो "चलो ऐती री, आद्र..." (छान आहे हो, पण...) एवढं म्हणून थांबला आणि त्या 'आद्र'च्या पुढं काय ते त्याला आठवडाभर सांगता आलं नाही. भाचा नऊ वर्षांचा, तो माझा शर्ट सोडायला तयार नाही. मावसबहिणीची कॉलेजची मैत्रीण मोबाईलमध्ये. खानापूरहून आलेले दोघे होते, त्यातला एक इंटरव्हलनंतर घोरत होता त्यामुळं त्याचं मत मी धरत नाही, आणि दुसऱ्याला बस गाठायची होती.

पिक्चर म्हणजे मार्व्हलचा 'डॉक्टर स्ट्रेंज इन द मल्टिव्हर्स ऑफ मॅडनेस' (मल्टिव्हर्स म्हणजे अनेक समांतर दुनिया, त्यात त्याच माणसांचे वेगळे अवतार). 6 मेला रिलीज झालेला, दोन तास सहा मिनिटांचा. पुढं सगळं फोडून सांगणार आहे, बघायचा राहिला असेल तर आधी बघून या.

आता लोक याला 'मिक्स रिस्पॉन्स' म्हणतात. मला त्या शब्दाचाच राग आहे. मिक्स म्हटलं की वाटतं प्रत्येकाला निम्मा आवडला, निम्मा नाही, ठीक होता, टाइमपास. आमच्या नऊ जणांत 'ठीक होता' म्हणणारा एकजण नव्हता (झोपलेला सोडून). ज्याला आवडला त्याला भयंकर आवडला आणि ज्याला नाही त्याला पैसे परत पाहिजे होते. मग हे मिक्स कसलं, हे तर नऊ जणांनी नऊ पिक्चर बघितल्यासारखं झालं. आणि मी हे लिहायला बसलो ते यासाठीच, की नंतर आठवडाभर विचारत फिरल्यावर मला खरंच तसंच निघालं.

मी कसा शोधत गेलो

मी उद्यमबागेत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. रिजेक्शन आलं की कारण शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. कास्टिंगला (ओतलेल्या पीसला) ब्लो होल, म्हणजे आत हवेचं भोक आलं की मेल्टिंगवाला मोल्डिंगवाल्याकडं बोट दाखवतो, मोल्डिंगवाला म्हणतो कोअर ओला होता, कोअरवाला म्हणतो पाऊस माझ्या हातात हाय काय, आणि मी मधे वही घेऊन उभा. त्यामुळं भांडण दिसलं की मला आधी भांडणाऱ्यांच्या हातातले कागद बघायची सवय लागली आहे.

याला कारण मागं घडलेली एक गोष्ट. पंपाच्या बॉडीचा एक लॉट गिऱ्हाइकाकडनं परत आला. बोअर (आतलं भोक) मोठा, रिजेक्ट. आम्ही मापलं, बोअर बरोबर. त्यांनी परत मापलं, मोठा. चार दिवस फोनवर नुसती गरमागरमी, एकमेकांच्या व्हर्नियरवर शंका घेऊन झाली. शेवटी दोन्ही ड्रॉइंग टेबलावर शेजारी शेजारी पसरली तेव्हा खालच्या उजव्या कोपऱ्यातल्या चौकटीत बघितलं, त्यांच्याकडं रिव्हिजन ए (ड्रॉइंगची आधीची आवृत्ती), आमच्याकडं रिव्हिजन बी (नंतरची). मापं दोघांचीही बरोबर होती. पीसही बरोबर होता, आमच्या ड्रॉइंगला. त्यांच्या ड्रॉइंगला तो भंगार.

तर पिक्चरनंतरच्या आठवड्यात मी प्रत्येकाला कसा वाटला, किती स्टार देशील असलं काहीएक विचारलं नाही. एकच विचारलं: हा दुसरा भाग आहे तर तुझ्या लेखी पहिला भाग कुठला?

सोपा प्रश्न वाटतो. कागदावर उत्तर एकच आहे, 2016 च्या नोव्हेंबरमध्ये आलेला 'डॉक्टर स्ट्रेंज', बेनेडिक्ट कंबरबॅचचा. पण नऊ जणांत ते उत्तर देणारा निघाला एकच.

वडगाव

तो एक म्हणजे वडगावचा मित्र. घरचे यंत्रमाग, साड्यांचे. माग चालू असताना टीव्हीचा आवाज ऐकू येत नाही म्हणून हा पिक्चर जवळजवळ चेहऱ्यांवरनं बघतो. पहिला डॉक्टर स्ट्रेंज त्याने टीव्हीवर हिंदीत किती वेळा बघितलाय ते त्यालाच ठाऊक. त्याच्या डोक्यात डॉक्टर म्हणजे हात मोडलेला गर्विष्ठ सर्जन, काठमांडूला जातो, विद्या शिकतो, आणि शेवटी त्या आगीच्या तोंडाच्या डोरमामूला वेळेच्या चक्रात अडकवून, शंभरदा मरून, नुसता कंटाळा आणून जिंकतो. "बुद्धीनं जिंकला की गा तो, हाणामारीनं न्हवं," हे त्याचं आवडतं वाक्य.

दुसऱ्या भागात त्याला पाहिजे होता तो डॉक्टर आणि ते गळ्यातलं वेळ फिरवणारं लॉकेट. लॉकेट नाहीच. ते का नाही हे 2018 आणि 2019 च्या दोन अ‍ॅव्हेंजर्स पिक्चरमध्ये आहे, थॅनॉस नावाच्या व्हिलनने सगळे जादूचे खडे, लॉकेटमधलाही, संपवले, पण हा ते सलग बसून बघितलेला नाही, तुकडे तुकडे बघितलेत. त्यामुळं अर्धा पिक्चर तो कानात विचारत होता, "वेळ मागं का फिरवंना ह्यो?" आणि वर डॉक्टर आता मुख्य जादूगारही नाही, ती गादी त्याच्या साथीदाराकडं, वाँगकडं. त्याला वाटलं मालकालाच कामावरनं काढलं.

सुरांची मारामारी आहे बघा एक, दोन स्ट्रेंज एकमेकांवर संगीताची चिन्हं फेकून मारतात, पियानोचे सूर उडतात, बाख आणि बेटहोव्हेन वाजतंय. थिएटरात थोडी शांतता झाली आणि याने मोठ्याने म्हटलं, "भजनी मंडळात भांडणं लागल्यासारखी दिसूलालीत." चार रांगा हसल्या. मला स्वतःला तो सीन पिक्चरमधला सगळ्यात भारी वाटला होता, पण त्यानंतर मला तिथं टाळ-पखवाजच दिसतात, आता काय करणार.

मावसबहीण

हिचं प्रकरण मोठं आहे. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तिने क्षणाचाही विचार न करता सांगितलं, पहिला भाग म्हणजे 'वांडाव्हिजन'. म्हणजे पिक्चर पण नव्हे, वेब सिरीज. नऊ एपिसोड, 15 जानेवारी 2021 पासनं मार्चपर्यंत दर शुक्रवारी हॉटस्टारवर येणारी. कॉलेजं अर्धी बंद अर्धी चालू, घरात सगळे असून प्रत्येकजण आपापल्या फोनमध्ये, त्या दिवसांत ही पोरगी एका दुःखी बाईची गोष्ट बघत होती. वांडाचा जोडीदार व्हिजन मेलेला, हिला ते सोसत नाही, मग ती एक अख्खं गाव जादूने कोंडून टाकते आणि त्यात खोटा संसार मांडते. नवरा, दोन जुळी पोरं, बिली आणि टॉमी, आणि सगळं जुन्या अमेरिकन कॉमेडी मालिकांसारखं, ब्लॅक अँड व्हाइटपासनं सुरू. शेवटी तिला कळतं की आपल्या सुखापायी गावातली माणसं आतल्या आत किंचाळतायत. मग ती स्वतःच्या हातानं ते घर, तो नवरा, ती पोरं सगळं सोडून देते. शेवटच्या एपिसोडच्या शेवटी फक्त एवढं दिसतं की ती एकटी डोंगरात, डार्कहोल्ड नावाचं काळं पुस्तक वाचतेय आणि पोरांच्या हाका ऐकू येतायत.

आता ही मुलगी या ड्रॉइंगवरनं पिक्चर तपासणार. तिला वाटलेलं वांडा डॉक्टरची मदत मागेल, किंवा डॉक्टर तिला सावरेल. आणि पिक्चरमध्ये पहिल्या अर्ध्या तासातच तो सफरचंदाच्या बागेतला सीन येतो. पांढरा फुलोरा, वांडा छान हसून बोलतेय, डॉक्टर म्हणतो एका मुलीला (एका दुनियेतनं दुसरीत जाऊ शकणाऱ्या) वाचवायचंय, आणि ती बोलता बोलता त्या मुलीचं नाव घेते. जे त्याने सांगितलेलंच नसतं. संपलं. बाग खोटी, फुलोरा खोटा, सगळं लाल. थिएटरात बाकीच्यांनी "ओहोहो" केलं, हिने माझा दंड दाबला. तिथून पुढं वांडा म्हणजे दुसऱ्या दुनियेतली आपली पोरं मिळवायला माणसं मारत सुटलेली चेटकीण.

"ती हे सगळं शिकून बाहेर पडली होती," मावसबहीण पार्किंगमध्ये म्हणत होती, "नऊ एपिसोड लागले तिला शिकायला. यांनी पहिल्या रीळातच पुसून टाकलं. का तर पुस्तक वाचलं म्हणून." आणि त्यात तो दिवस नेमका मदर्स डे. सकाळपासनं सगळ्यांच्या स्टेटसला आईचे फोटो आणि दुपारी पडद्यावर पोरांसाठी वेडी झालेली बाई. ती मला म्हणाली की बाई दुःखी झाली की एकतर बिचारी नाहीतर डाकीण, मधलं यांना काही लिहिताच येत नाही. मी तेव्हा गप्प बसलो. आता वाटतं पोरगी बरोबर होती, निदान बरंचसं.

तिच्या मैत्रिणीचं सोपं होतं. तिनेही सिरीज बघितलेली, पण तिला वांडा व्हिलन झाली तेच आवडलं. "किती पॉवरफुल दाखवली ना." म्हणजे ड्रॉइंग एकच असलं तरी गोष्ट मिटतेच असं नाही, हे मी वहीत लिहून ठेवलं.

शिट्ट्यांचा हिशेब

कलीगचा पहिला भाग म्हणजे 'स्पायडरमॅन नो वे होम'. डिसेंबर 2021, लॉकडाऊननंतर पहिल्यांदा थिएटर खरंच भरलेलं. तीन तीन स्पायडरमॅन एकत्र आले तेव्हा त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा त्याने इंग्लिश पिक्चरला कागद उडवले असं तो सांगतो. त्यात डॉक्टर स्ट्रेंजचाच मंत्र चुकतो आणि दुसऱ्या दुनियेतली माणसं इकडं येतात. आणि शेवटी नावं पडून झाल्यावर पुढच्या पिक्चरचा ट्रेलर, तो हाच. मग याने काय समजायचं? हाच त्याचा पुढचा भाग. फेब्रुवारीत दुसरा ट्रेलर आला, त्यात 'एक्स-मेन'मधल्या टकलू प्रोफेसर एक्सचा आवाज ऐकू आला, आणि मग काय, दर आठवड्याला नवी अफवा. टॉम क्रूझ आयर्न मॅन होऊन येणार म्हणे. कलीगने हे कँटीनमध्ये इतक्या खात्रीनं सांगितलेलं की आमच्या फेटलिंगच्या मुकादमालाही टॉम क्रूझ येणार हे माहीत होतं. त्याला टॉम क्रूझ कोण ते माहीत नव्हतं.

आणि प्रत्यक्षात? पाहुणे आले. प्रोफेसर एक्स आला, कॅप्टन कार्टर आली, आणि जॉन क्रासिन्स्की 'फॅन्टास्टिक फोर'मधला रीड रिचर्ड्स म्हणून, ज्याची फॅन मंडळी वर्षानुवर्षं मागणी करत होती. कलीग खुर्चीतनं अर्धा उठला, शिट्टीसाठी बोटं तोंडात. आणि काही मिनिटांत वांडाने सगळ्यांना एकेक करून संपवलं. रीडची तर दोऱ्याची गुंडी सुटावी तशी सालपटं निघाली. बोटं तोंडातच राहिली याची. "लग्नाला बोलवून वाढायच्या आधी पंगत उठवली री," हे त्याचं मराठीतलं वाक्य आहे, कन्नडमधलं मी इथं लिहीत नाही.

भाचा याच सीनला फुटला. एकाचं तोंडच नाहीसं होतं आणि तो घाबरून आवाज करायला जातो तर त्याचंच डोकं आतनं फुटतं, आता हे नऊ वर्षांच्या पोराला कशाला दाखवायचं. पण चूक आमची, सुपरहिरोचा पिक्चर म्हणजे पोरांचा पिक्चर हे आपण धरूनच चालतो. त्याचा पहिला भाग म्हणजे दप्तरावरचं चित्र.

दादा

दादा चाळिशीचा. त्याने मार्व्हलचं धड काहीच बघितलेलं नाही, तरी नऊ जणांत सगळ्यात जास्त मजा त्याला आली. त्याचा पहिला भाग? 'इव्हिल डेड'. 1981 चा भुताटकीचा पिक्चर.

मी म्हटलं दादा काय बोलूलालास. तर तो म्हणाला डायरेक्टर कोण बघ. सॅम रायमी. नव्वदच्या दशकात व्हिडिओ पार्लरमध्ये तीन-चार रुपयात, घासून घासून पांढऱ्या पडलेल्या कॅसेटवर, दादा आणि त्याच्या मित्रांनी इव्हिल डेड बघितलेला आणि रात्री घरी जाताना सगळे एकमेकांचा हात धरून. पुढं त्याच रायमीचे 2002, 2004, 2007 चे तीन स्पायडरमॅन. त्यामुळं कॅमेरा उगीच तिरका झाला की दादा खूष, दार आपोआप वाजलं की खूष, आणि डॉक्टर आपल्याच कुजलेल्या प्रेतात शिरून, पिशाच्चांची शाल पांघरून उडतो तेव्हा तर दादाने टाळ्या वाजवल्या, एकट्याने. अगदी शेवटी, सगळी नावं संपल्यावर, तो पिझ्झावाला दिसतो ना ज्याचा हात त्यालाच मारत असतो, त्याला अख्ख्या थिएटरात एकटा दादा हसला. कारण तो ब्रूस कॅम्पबेल, इव्हिल डेडचा हिरो, आणि त्या मालिकेच्या दुसऱ्या पिक्चरमध्ये त्याचाच हात त्याच्यावर उलटतो. आम्ही बाकीचे शेवटपर्यंत थांबून "एवढ्यासाठी थांबवलं?" म्हणत उठलो. एकच सीन, एकाला 30 वर्षांची आठवण आणि आठ जणांना फसवणूक.

ऑपरेशनचा क्रम

इथपर्यंत मी बघणाऱ्यांकडनं बघत होतो. पण रिजेक्शनमध्ये बनवणाऱ्याकडंही बघावं लागतं, आणि तिथंही मजा आहे.

पहिल्या भागाचा डायरेक्टर स्कॉट डेरिक्सन. दुसराही तोच करणार होता, जानेवारी 2020 मध्ये तो बाहेर पडला, मतभेद म्हणून, आणि मग रायमी आला. मूळ रिलीज होती 7 मे 2021, नो वे होमच्या आधी. कोरोनात तारखा सरकत सरकत क्रमच उलटला, नो वे होम आधी आणि हा नंतर. आमच्याकडं ऑपरेशन 20 आधी करून ऑपरेशन 10 नंतर करायला घेतलं तर फिक्स्चर (पीस घट्ट धरायचं साधन) बसतच नाही, सगळं घासून बसवावं लागतं. इथंही स्टोरी घासून बसवलेली जाणवते. नो वे होममध्ये एवढा गोंधळ करून ठेवलेला डॉक्टर इथं स्पायडरमॅनचं नाव एकदा सहज घेतो आणि पुढं जातो. माझ्या कलीगची मुख्य तक्रार तीच होती खरं तर, त्याला फक्त सांगता येत नव्हती.

आणि वांडाचं? रायमीने स्वतः मुलाखतीत सांगितलंय की त्याने वांडाव्हिजन पूर्ण बघितलेलं नाही, त्याच्या स्टोरीशी संबंध येणारे मोजके तुकडे तेवढे बघितले. हे मी मावसबहिणीला सांगितलं तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जसं काय मीच बघितलं नव्हतं. मशीनवरच्या माणसाला अर्धं ड्रॉइंग दिलं तर तो अर्ध्या ड्रॉइंगचाच पीस काढणार, त्याला किती बोलायचं.

पैशाचं म्हणाल तर पिक्चर पडला वगैरे अजिबात नाही. जगभरात 95 कोटी डॉलरच्या वर धंदा, पहिल्या भागाचा 67 कोटींच्या आसपास होता. पण अमेरिकेत थिएटरच्या दारात पब्लिकला विचारून सिनेमास्कोर काढतात, त्यात पहिल्याला ए, नो वे होमला ए प्लस आणि याला बी प्लस. मार्व्हलच्या हिशेबात बी प्लस म्हणजे आमच्याकडं पोरगं फर्स्ट क्लासात आलं तरी घरात सुतक असतं तसलं. तोवर त्याच्या खाली फक्त 'एटर्नल्स' होता, बी.

केजीएफचा मुद्दा

हा मुद्दा कलीगने काढला आणि मला तो जाम पटला. त्याच वेळी केजीएफ 2 थिएटरात होता, 14 एप्रिलला आलेला, कन्नड, हिंदी दोन्ही. आमच्या त्या नऊ जणांतल्या सात जणांनी तोही बघितलेला, मराठी घरचे काय आणि कन्नड घरचे काय. त्यावर अशी भांडणं झाली का? नाही. कोणाला थोडा लांबला, कोणाला आईचा भाग भारी वाटला, पण पार्किंगमध्ये उभं राहून कोणी कोणाला खोटं पाडलं नाही. कारण त्याचा पहिला भाग 2018 चा केजीएफ, बास. दुसरं काही नाही. बाहुबलीचंही तसंच. सगळ्यांच्या हातात एकच ड्रॉइंग.

मार्व्हलने काय केलं, की 2021 पासनं पिक्चर आणि सिरीज एकत्र विणल्या. म्हणजे तिकीट काढलेल्या माणसाला आधी घरी सबस्क्रिप्शन पाहिजे, इंटरनेट पाहिजे, वेळ पाहिजे, आणि इंग्लिश सबटायटल वाचायचा दम पाहिजे. वडगावच्या मित्राकडं यातलं एकच आहे, इंटरनेट, आणि तेही महिन्याच्या शेवटी नसतं. आता भाषेचं म्हणाल तर मराठीत डबिंग नव्हतंच, आमच्याकडं घरात मराठी, शाळेत इंग्लिश नाहीतर मराठी, कचेरीत कन्नड आणि थिएटरात हिंदी असा कारभार. एकाच गावाची बेळगाव आणि बेळगावी अशी दोन नावं घेऊन फिरणारी माणसं आम्ही, एका वस्तूच्या दोन ओळखी आम्हाला नव्या नाहीत. तरी मावसबहिणीला इंग्लिश शो पाहिजे होता, नऊ सलग सीट मिळाल्या हिंदीच्या. त्याचाही थोडा राग पिक्चरवर निघाला असणार. आणि इंटरव्हल. तो पळापळ चालू असताना मधेच कापलेला, वाक्यही पूर्ण होऊ दिलं नाही. या पिक्चरांत मुळात इंटरव्हल नसतो, आपल्याकडं पॉपकॉर्नसाठी घालतात.

दुसरी तपासणी

22 जूनला पिक्चर हॉटस्टारवर आला. मी म्हटलं चला, ट्रायल घेऊ. दादाच्या घरी, शनिवारी रात्री, बाहेर पाऊस, मिरची भजी आणि गिरमिट. वडगावच्या मित्राला आधी मावसबहिणीने वांडाव्हिजनचे शेवटचे दोन एपिसोड दाखवले, प्रत्येक वाक्याला थांबवून मराठीत सांगत. दोन एपिसोडला अडीच तास लागले. मग पिक्चर.

माझी अपेक्षा होती की आता ड्रॉइंग जुळलं, भांडण मिटेल. अर्धवट झालं. वडगावचा मित्र पहिल्या वेळी वांडाला 'ती खुळी' म्हणत होता, या वेळी एकदाही नाही. एकदा तर म्हणाला, "हिला पोरं देऊन टाका गा, मिटवा विषय." डॉक्टर कमी आहे ही तक्रार मात्र जशीच्या तशी, आणि ती खरी आहे, मीही मोजून बघितलं तर डॉक्टरची स्वतःची गोष्ट म्हणजे त्याच्या जुन्या प्रेयसीचं, क्रिस्टिनचं लग्न, ते मोडकं घड्याळ आणि 'तू सुखी आहेस का' हा प्रश्न, एवढीच. बाकी सगळी धावाधाव.

आणि मावसबहीण? तिची चीड वाढली. कारण सिरीजचा शेवट नुकताच बघून लगेच पिक्चर बघितल्यावर सांधा अजूनच उघडा पडला. काळं पुस्तक माणसाला बिघडवतं हे एका-दोन वाक्यांत उरकलंय, बिघडताना दाखवलेलंच नाही. हे ड्रॉइंगचं भांडण नव्हे, हा खरा ब्लो होल आहे, आणि माझी थिअरी तिथं चालत नाही हे मी तिच्यासमोर कबूल केलं. तिने वहीत लिहून घ्यायला लावलं.

वहिनी स्वयंपाकघरातनं ये-जा करत होत्या. त्यांनी यातलं काही बघितलेलं नाही, पहिला भाग नाही, सिरीज नाही, इव्हिल डेड तर दादाने लग्नात पण सांगितला नसेल. शेवटाकडं भज्यांचं ताट घेऊन आल्या आणि उभ्याच राहिल्या. वांडा दुसऱ्या दुनियेतल्या त्या घरात पोचलीय, तिला पाहिजे ती दोन पोरं समोर आहेत, आणि पोरं तिला बघून घाबरून हाताला येईल ते फेकून मारतायत, आमच्या आईला सोड म्हणून. ती थांबते, खाली बसते. तिथली खरी आई, तिच्याच तोंडाची, जवळ येऊन तिच्या गालाला हात लावते.

कोणी काही बोललं नाही. भजी गार झाली. वडगावचा मित्र तोंडाला लावलेलं भजं तसंच धरून. डोंगर कोसळला, नावं पडायला लागली, दादा पिझ्झावाल्याची वाट बघत सावरून बसला.

वहिनी अजून उभ्याच होत्या. म्हणाल्या, "ती दुसरी, पोरांची आई, तिला काय झालं न्हाई न्हवं? बरी हाय न्हवं ती?"

मावसबहीण म्हणाली, "बरी आहे, वहिनी."

"मग ठीक हाय," म्हणाल्या, आणि ताट परत गरम करायला घेऊन गेल्या.